२६ तास आणि २६ महिने

पेनसिल्व्हेनियाच्या नकाशावर मधोमध बोट ठेवलं तर ते सेंटर काउंटीच्या आसपास पडतं. तिथे डोंगररांगांमधल्या खोऱ्यात स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे. वस्ती २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ४० हजार, आणि पेन स्टेट विद्यापीठाचं मुख्य आवार गावाला खेटून. फुटबॉलच्या हंगामात सामन्याच्या शनिवारी इथल्या बीव्हर स्टेडियमवर लाखाहून जास्त माणसं जमतात आणि उरलेलं वर्ष त्या बाकांवर कुणी नसतं. सर्व्हर किती मोठा घ्यायचा, गर्दीच्या दिवसापुरता की रोजच्यापुरता, हा पेच या गावाला नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

आकडे साठवणं हा इथला जुना उद्योग आहे. जोएल मायर्स यांनी पेन स्टेटमध्ये शिकत असताना १९६२ मध्ये ॲक्युवेदर सुरू केली. १९७२ मध्ये विद्यापीठाच्याच तीन संख्याशास्त्रज्ञांनी मिनिटॅब हे सॉफ्टवेअर रचलं. पण यंत्र किती लागेल आणि डिस्क किती लागेल, या प्रश्नाचा इथला खरा इतिहास बघायचा तर साइटसीअरपासून सुरुवात करावी लागते.

साइटसीअर हे शोधयंत्र १९९७ च्या सुमारास प्रिन्स्टनमधल्या एनईसीच्या संशोधन संस्थेत जन्मलं. स्टीव्ह लॉरेन्स, ली जाइल्स आणि कर्ट बोलॅकर हे त्याचे कर्ते. वेबवर विखुरलेले शोधनिबंध आपसूक गोळा करायचे आणि कोणी कोणाचा संदर्भ दिला आहे याची सूची यंत्रानेच बनवायची, अशी ही कल्पना. जाइल्स पेन स्टेटला आल्यावर २००३-०४ च्या सुमारास साइटसीअरचं बिऱ्हाडही स्टेट कॉलेजला आलं. निबंधांची संख्या साडेसात लाखांवर गेली, रोजच्या विनंत्या १५ लाखांवर पोचल्या आणि जुनी रचना धापा टाकू लागली. निबंध साठवायचा म्हणजे नुसती पीडीएफ ठेवून भागत नाही. तिच्यातून काढलेला मजकूर, लेखकांची नावं, संदर्भांची यादी, दुरुस्त आवृत्त्या आणि या सगळ्यावरची शोधसूची, प्रत्येकाला जागा लागते. अशी वाढ आधी डिस्क खाते आणि मग वेळ. २००८ मध्ये साइटसीअरएक्स या नावाने नवी मांडणी लोकांसमोर आली ती याच दाबातून.

त्याच काळात, शोधयंत्रांपेक्षा फार कमी बोलबाला असलेल्या एका क्षेत्रात, डिस्कच्या प्रश्नाचं अगदी वेगळं उत्तर निघालं होतं. टोबियास ओटिकर या स्विस माणसाने १९९९ मध्ये आरआरडीटूल प्रसिद्ध केलं. सर्व्हरचं तापमान, प्रोसेसरवरचा भार, नेटवर्कवरची रहदारी असे आकडे दर पाच मिनिटांनी टिपायचे आणि त्यांचे आलेख काढायचे, हे त्याचं काम. त्यातली युक्ती अशी, की फाइल जन्माला येते तेव्हाच तिचा आकार ठरतो आणि पुढे एका बाइटनेही वाढत नाही. नवा आकडा आला की सर्वांत जुना आकडा पुसून त्याची जागा घेतो. जुन्या काळाची फक्त सरासरी उरते. आरआरडीटूलवर उभ्या राहिलेल्या कॅक्टी या सॉफ्टवेअरची पूर्वीची मूळ मांडणी पाहा. पाच मिनिटांचे ६०० आकडे, अर्ध्या तासाचे ७००, दोन तासांचे ७७५ आणि दिवसाचे ७९७. मिळून २,८७२ खाने, प्रत्येकी आठ बाइट, सरासरी आणि कमाल अशा दोन रांगा. एका मोजमापाला सुमारे ४६ हजार बाइट. हजार मोजमापं असतील तर ४६ एमबी, आज आणि दहा वर्षांनीही तेवढेच. एवढं निश्चिंत करणारं डिस्कचं अंदाजपत्रक क्वचितच मिळतं.

मात्र जागा पुरली तरी डिस्क पुरत नव्हती. दहा हजार फाइली दर पाच मिनिटांनी उघडायच्या, प्रत्येकीत चिमूटभर लिहायचं आणि बंद करायच्या. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी साधी हार्ड डिस्क सेकंदाला अशी विखुरलेली शंभरेक कामं करते. तिचा काटा नुसता इकडून तिकडे धावत राहायचा. हार्डवेअरच्या यादीत ‘डिस्क किती जीबी’ हा रकाना भरणाऱ्यांनी ‘सेकंदाला किती वेळा लिहिणार’ हा रकाना बहुधा कोराच सोडलेला असे. शेवटी २००९ मध्ये आरआरडीटूलच्या १.४ आवृत्तीत नोंदी आधी मेमरीत साठवून मग गठ्ठ्याने डिस्कवर उतरवणारा वेगळा प्रोग्रॅम आला, तेव्हा ही धावपळ आटोक्यात आली.

२००९ हेच साल स्टेट कॉलेजमध्येही याच दुखण्यावर काम झाल्याचं आहे. पेन स्टेटच्या आयुष गुप्ता, यंगजे किम आणि भुवन उरगावकर यांनी त्या वर्षी डीएफटीएल नावाची पद्धत मांडली. फ्लॅश डिस्कला काटा नसतो, पण तिची खोड निराळी आहे. लिहिलेल्या जागी पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा ठोकळा पुसावा लागतो. त्यामुळे विखुरलेलं लेखन फ्लॅशलाही जड जातं. कोणती माहिती कुठे ठेवली याचा पूर्ण तक्ता मेमरीत मावत नसेल, तर लागेल तेवढाच भाग वर आणायचा, हा डीएफटीएलचा गाभा. देखरेखीचा सर्व्हर घेताना आज जो तो एसएसडी, म्हणजे फ्लॅश डिस्क, लिहून मोकळा होतो, त्यामागे अशा प्रयोगांची मोठी रांग आहे.

उरगावकरांचं याआधीचं एक काम आणखी थेट आहे. पेन स्टेटला येण्यापूर्वी, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात असताना, २००२ मध्ये त्यांनी प्रशांत शेणॉय आणि टिमोथी रॉस्को यांच्यासह एक निबंध लिहिला. प्रत्येक प्रोग्रॅम सर्वांत जास्त किती भार टाकेल ते धरून यंत्रं घेतली तर बहुतेक यंत्रं बसून राहतात. त्याऐवजी प्रत्यक्ष वापर मोजायचा आणि विमान कंपन्या जागा विकतात तसं थोडं जादा आरक्षण घ्यायचं. लिनक्स यंत्रांच्या समूहावर त्यांनी हे करून पाहिलं. अवघ्या १ टक्का जादा आरक्षणाने वापर दुप्पट झाला, ५ टक्क्यांनी ३०० ते ५०० टक्के सुधारणा दिसली. हे जमायला एकच अट होती. वापराचं मोजमाप हाताशी हवं. म्हणजे हार्डवेअर किती लागेल ते देखरेखीच्या नोंदी सांगणार आणि त्या नोंदींना पुन्हा स्वतःचं हार्डवेअर लागणार.

२०१० मध्ये प्रदीप तेरेगौडा, उरगावकर आणि जाइल्स यांनी हीच फूटपट्टी साइटसीअरएक्सला लावली. सगळं शोधयंत्र भाड्याच्या क्लाउडवर न्यायचं, एखादाच भाग न्यायचा, की गर्दीच्या वेळेपुरतं न्यायचं, असे पर्याय खर्चासकट तपासले. पुढे दशकाच्या मध्याला साइटसीअरएक्स गेलं ते स्वतःच्याच आवारातल्या खासगी क्लाउडवर. तोवर निबंध ४० लाखांवर गेले होते. २०१९ पर्यंत ते एक कोटी ओलांडणार होते.

आणि मग विद्यापीठावर ती तारीख आली. २१ नोव्हेंबर २०१४ रोजी एफबीआयने पेन स्टेटला कळवलं, की तुमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नेटवर्कमध्ये बाहेरचं कुणीतरी शिरलेलं आहे. फायरआय कंपनीच्या मँडियंट या शाखेला तपासाला बोलावलं गेलं. १५ मे २०१५ रोजी विद्यापीठाने ही गोष्ट जाहीर केली आणि महाविद्यालयाचं नेटवर्क काही दिवस इंटरनेटपासून तोडलं. दोन वेगवेगळ्या टोळ्या आढळल्या होत्या, त्यांतली एक चीनमधून काम करत असावी असा निष्कर्ष होता. सुमारे १८ हजार लोकांची वैयक्तिक माहिती असलेल्या फाइली त्यांच्या हाताच्या अंतरावर होत्या. घुसखोरीची माहीत असलेली सर्वांत जुनी खूण होती सप्टेंबर २०१२ ची.

सप्टेंबर २०१२ ते नोव्हेंबर २०१४ म्हणजे २६ महिने.

विद्यापीठाने तेव्हा आणखी एक आकडा दिला होता. आदल्या वर्षी सरासरी एका दिवसात २ कोटी २० लाखांहून जास्त उघड हल्ले परतवले गेले. प्रत्येक हल्ल्याची २०० बाइटची एक ओळ धरली तर दिवसाला ४.४ जीबी होतात. २६ महिन्यांचे सुमारे ७९० दिवस धरले तर साडेतीन टीबीच्या आत. हा हिशेब केवळ अंदाजाचा आहे, पण २०१४ मध्ये बाजारात ४ टीबीची एक हार्ड डिस्क सहज मिळत होती. अडचण अशी, की परतवलेल्या हल्ल्यांच्या ओळी ठेवून फारसं काही हाती लागत नाही. जो आत शिरतो त्याची ओळ अगदी साळसूद असते, रोजच्या लॉगिनसारखी. म्हणून ठेवायच्या तर सगळ्याच ओळी ठेवाव्या लागतात, आणि तिथे हिशेब कितीतरी पटींनी फुगतो.

कॅक्टीच्या त्या ७९७ दिवसांच्या रांगेत सप्टेंबर २०१२ मोठ्या मुश्किलीने मावला असता, पण दिवसाची एक सरासरी म्हणून. तिच्यात रात्री दोन वाजता कोण आलं होतं हे दिसत नाही.

गंमत म्हणजे, त्याच २०१५ साली फेसबुकच्या अभियंत्यांनी गोरिला या आपल्या देखरेख-साठ्यावर निबंध प्रसिद्ध केला. लोक जुन्या आकड्यांबद्दल विचारतात तरी किती, हे त्यांनी तपासलं होतं. किमान ८५ टक्के विचारणा मागच्या २६ तासांबद्दल होत्या. तेव्हा २६ तासांचा साठा मेमरीत ठेवायचा, आणि पुढचा आकडा मागच्यापेक्षा किती वेगळा एवढंच लिहायचं. सोळा बाइटचा आकडा सरासरी १.३७ बाइटमध्ये बसू लागला. साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या प्रॉमेथियस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरनेही पुढे याच दाबण्याच्या तंत्राचा आधार घेतला. त्याची मार्गदर्शिका एका आकड्याला एक ते दोन बाइट धरायला सांगते, आणि कुणी काही बदललं नाही तर प्रॉमेथियस १५ दिवसांपलीकडचं टाकून देतं.

ही बचत किती मोठी, ते झॅबिक्सशी तुलना केली की कळतं. ॲलेक्सेई व्लादिशेव्ह यांनी लाटव्हियात घडवलेलं हे सॉफ्टवेअर आकडे सरळ डेटाबेसमध्ये ठेवतं. ओळ, तारीख, अनुक्रमणिका धरून एका आकड्याला सुमारे ९० बाइट, असं त्याची मार्गदर्शिका सांगते. तीन हजार मोजमापं, दर मिनिटाला एकदा, ३० दिवस असा हिशेब केला तर १२ कोटी ९६ लाख आकडे होतात. झॅबिक्समध्ये त्यांना साडेअकरा जीबीच्या आसपास जागा लागते. दोन बाइटच्या हिशेबाने २६० एमबीसुद्धा नाही. झॅबिक्सला यात कमी लेखायचं कारण नाही. डेटाबेस असल्याने हवा तसा प्रश्न विचारता येतो, त्याचं हे भाडं आहे. पण अनेक कचेऱ्यांत मिनिटाऐवजी दहा सेकंदांचं मोजमाप कुणीतरी उत्साहाने लावतं आणि महिन्याचा साठा सहापट होतो. डिस्क भरली की सर्वांत आधी बंद पडते ती देखरेखच, आणि हे सांगायला जागं असं कुणी उरत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये या गोष्टीला अनपेक्षित वळण लागलं. पेन स्टेटचा तपास करणाऱ्या त्याच फायरआयला आपल्याच घरात चोर सापडला. तो आला होता सोलरविंड्स ओरायन या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमधून. बिघडवलेली अद्ययावत आवृत्ती मार्च २०२० पासून वाटली जात होती आणि सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोचली होती. ओरायनची मूळ मांडणी तपशीलवार आकडे ७ दिवस, तासाचे ३० दिवस आणि दिवसाचे ३६५ दिवस ठेवायची. नऊ महिने मागे वळून बघायची वेळ आली तेव्हा अनेक कार्यालयांच्या लॉगमध्ये तेवढं मागचं उरलंच नव्हतं.

इथून पुढे डिस्क किती घ्यायची हे ठरवण्यात सरकारं उतरली. अमेरिकी प्रशासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या खात्यांना आदेश दिला, की लॉग १२ महिने हाताशी आणि पुढे १८ महिने थंड साठ्यात ठेवा. एकूण ३० महिने. पेन स्टेटचे २६ त्यात मावतात.

भारतात सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सर्व संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे आणि भारतातच ठेवायचे. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी सर्व्हर खोल्यांत त्या वर्षी ‘किती दिवसांचं ठेवतो आपण?’ हा प्रश्न पहिल्यांदाच कागदावर आला असेल. पन्नास सर्व्हर, प्रत्येकी सेकंदाला २०० बाइटच्या शंभर ओळी असं धरलं तर दिवसाला ८६ जीबी आणि १८० दिवसांचे साडेपंधरा टीबी होतात. मजकूर दाबून ठेवला तर त्याचा एक छोटा हिस्सा. खर्चाच्या दृष्टीने हे झेपणारं आहे. पण हीच मुदत पेन स्टेटला लावून पाहिली तर २१ नोव्हेंबर २०१४ रोजी हाती असलेली सर्वांत जुनी ओळ २५ मे २०१४ ची असती, आणि त्याआधीचे घुसखोरीचे वीस महिने नियमानुसार पुसलेले.