भोंग्याचं तोंड कुणीकडे?

जानेवारी उजाडला की नागपुरातली मैदानं रात्री जागू लागतात. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, मंडळांचे कबड्डीचे सामने, शिवाय हल्ली जाळी लावलेल्या टर्फवरचं बॉक्स क्रिकेट. जरीपटक्यासारख्या भागात हे सगळं घरांच्या अगदी लगत होतं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेली ही वस्ती आज दाट आहे: खाली दुकान, वर घर, भिंतीला भिंत, मधेच एखादी शाळा आणि तिचं पटांगण. अशा पटांगणावर स्पीकर लागले की सामन्याशी काही संबंध नसलेल्या घरांच्या खिडक्या थरथरतात. आणि गंमत अशी, की मैदानात बसलेल्याला विचारावं, ‘निवेदक आत्ता काय म्हणाला?’ तर तोही मान हलवतो. आवाज सगळीकडे पोचतो, शब्द कुठेच पोचत नाहीत. हे कसं होतं ते एकेक टप्पा धरून पाहू.

सुरुवात भोंग्यापासून. पत्र्याचा जुना भोंगा हे मोठं कार्यक्षम यंत्र आहे. त्याला १ वॅट दिला तर समोर १ मीटरवर सुमारे १०५ डेसिबल आवाज मिळतो. ३० वॅट दिले तर १२०. उघड्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ८ मीटरवर, जिथे बहुधा स्कोअर लिहिणाऱ्यांचं टेबल असतं, तिथे १०२. मैदानाच्या कडेला, ६४ मीटरवर, ८४. अर्धा किलोमीटर गेल्यावरही सुमारे ६६. हे भोंग्याच्या तोंडासमोरचं कागदी गणित झालं. मधल्या इमारती त्यातून काही वजा करतात. पण जरीपटक्यात भोंग्यासमोर अर्धा किलोमीटर मोकळी जागा कुठे सापडणार?

आता टेबलावरच्या पोरांचा विचार करा. कानांसाठी जगभर वापरला जाणारा एक हिशोब असा: ८५ डेसिबल दिवसाला ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. ८८ला ४ तास, ९१ला २, १००ला पाव तास. १०२ला जेमतेम दहा मिनिटं. स्पर्धा मात्र संध्याकाळभर चालते, आणि टेबलावर बसणारी पोरं रोज तीच असतात.

एवढा आवाज असूनही शब्द का कळत नाहीत? बहुतेक ठिकाणी भोंगे किंवा स्पीकरचे थर मैदानाच्या दोन टोकांना लावतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एका स्पीकरजवळ बसलेल्याला शंभर मीटरवरच्या दुसऱ्याचा तोच शब्द जवळपास ३०० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. साधारण ५० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक कान पोटात घालतो, त्यापुढे तो प्रतिध्वनी होतो. ‘पुढचा फलंदाज’ म्हणेपर्यंत मागून दुसरं ‘पुढचा’ येऊन त्यावर आदळतं. मग प्रेक्षकांतून ओरड होते, ‘ऐकू येत नाही!’ आणि साउंडवाला मिक्सरवरची पट्टी वर सरकवतो. दोन्ही आवाज सारखेच वाढतात, गोंधळ तसाच राहतो.

त्यात माणसाचा स्वभाव भर घालतो. भोवती आवाज वाढला की आपण नकळत मोठ्याने बोलू लागतो. १९११ साली एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने हे नोंदवलं आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. मैदानात याचं चक्र होतं. गाणं मोठं म्हणून प्रेक्षक मोठे, प्रेक्षक मोठे म्हणून निवेदक मोठा, निवेदक मोठा म्हणून गाणं आणखी मोठं. कुणी एकानेच खोडसाळपणा केला असं क्वचितच असतं.

गाण्यांची ही हौस आली कुठून हेही उघड आहे. २००८ साली आयपीएल आली, २०१४ साली प्रो कबड्डी, आणि चौकाराला, बळीला, चढाईला गाण्याचा तुकडा वाजवायची रीत टीव्हीवरून गल्लीत उतरली. फक्त एक गोष्ट नजरेतून सुटली. टीव्हीवर आपण ऐकतो तो मैदानातला आवाज नसतोच. यष्टीतला माइक वेगळा, समालोचक वेगळा, प्रेक्षक वेगळे. नियंत्रण कक्षात कुणीतरी प्रत्येकाची पट्टी खालीवर करत असतो. आपण गाणी उचलली, ती पट्टी सांभाळणारा माणूस उचलला नाही.

आणि यात खुद्द खेळाचं नुकसान होतं, हे मला शेजाऱ्यांच्या तक्रारीइतकंच महत्त्वाचं वाटतं. मोठ्या सामन्यात बॅटची कड लागली का हे अल्ट्राएज सांगतं. टेनिस बॉलच्या सामन्यात पंचाजवळ फक्त त्याचा कान असतो, आणि टेनिस बॉलची कड आधीच दबकी. धाव घ्यायची की नाही हे दोन फलंदाज ओरडूनच ठरवतात. गाण्यात ‘नाही’ बुडालं की एक जण धावबाद. कबड्डीत तर चढाई करणाऱ्याचा ‘कबड्डी कबड्डी’ हा दम पंचाला स्पष्ट ऐकू यायला हवा, असा नियमच आहे. दम तुटला की नाही हे ठरवणाऱ्या पंचाच्या पाठीशी बेस धडधडत असेल तर त्याने निकाल कशावर द्यायचा?

बेसचं प्रकरण निराळं आहे. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे ७ मीटर लांब असते. घराची भिंत, दार, बंद खिडकी तिला फारशी आडवी येत नाही. मोजमापातही हा आवाज निसटतो. कायद्यात डेसिबल ‘ए’ हे माप आहे, ते माणसाच्या कानाच्या धाटणीने खालच्या सुरांचं वजन कमी धरतं. ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा होतात. त्यामुळे मीटर बरा आकडा दाखवत असताना पलंग हादरत असतो. तक्रार करणारा खोटं बोलत नसतो, आणि मीटरही नाही.

हिवाळ्याची रात्र यात आणखी भर घालते. नागपुरात जानेवारीत आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन भराभर थंड होते. खाली गार हवा आणि वर तिच्याहून ऊबदार. ऊबदार हवेत आवाज वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेल्या लाटा वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. दुपारी दोन गल्ल्या ओलांडून विरणारा आवाज रात्री दूरच्या गच्चीवर स्वच्छ ऐकू येतो. फेब्रुवारीत बारावीची आणि मग दहावीची परीक्षा, आणि स्पर्धांचा मोसमही नेमका तेव्हाचाच.

नियम काय म्हणतो? २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालतात. रात्र म्हणजे दहा ते सहा. व्यापारी भागाला ६५ आणि ५५. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती शांतता क्षेत्र जाहीर असेल तर ५० आणि ४०. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त किंवा ७५हून जास्त नको, यातलं जे कमी ते धरायचं. निवासी भागात दिवसा म्हणजे ६५. वरचा एक भोंगा मैदानाच्या कडेला ८४ देत होता, हे इथे आठवावं. दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण नियमातले शब्द सांस्कृतिक किंवा धार्मिक सणसोहळ्याचे आहेत, क्रीडास्पर्धेचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे नियम उचलून धरले. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलं, की तक्रारदाराची ओळख मागू नका आणि उघड करू नका. शेजाऱ्याविरुद्ध ११२ फिरवायला कचरणाऱ्यांसाठी हा मोठा आधार आहे.

पण फोनपर्यंत वेळ येऊ नये असं आयोजकांना वाटत असेल तर उपाय साउंडवाल्याशी बोलतानाच करायचा. दोन टोकांना दोन मोठे थर लावण्याऐवजी प्रेक्षकांच्या जवळ, कमी उंचीवर आठ छोटे बॉक्स मागावेत. प्रत्येक बॉक्स १ मीटरवर ९३ डेसिबलला ठेवला तर ८ मीटरवरच्या श्रोत्याला ७५ मिळतात, बोलणं कळायला ते बहुतेक वेळ पुरतात. ६४ मीटरवर एकाचे ५७ उरतात, आठांचे मिळून ६६. भोंग्याच्या ८४पेक्षा हे १८ने कमी, तेही सगळ्यांची तोंडं एकीकडे धरून. ती मैदानाच्या आत आणि खाली वळवली की बाहेर आणखी कमी. तारा जास्त लागतात आणि दिसायला रुबाब कमी, त्यामुळे साउंडवाला कुरकुरेल. त्याला बेस अजिबात आणू नको म्हणावं. निवेदनाला बेस लागत नाही.

निवेदकालाही एक सूचना द्यावी: चौकार गेल्यावर लगेच तोंड उघडू नको, ओरडा ओसरू दे, मग बोल. गोलंदाज धावायला लागला की गाणं बंद. आणि बक्षीस समारंभ साडेनऊला ठेवावा, कारण पाहुणे उशिराच येतात आणि भाषण माइकवरच करतात. आवाज तपासायचा तो मंचाजवळ उभं राहून नव्हे. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी स्पीकर लावून, मोबाइलवरचं ॲप घेऊन, हद्दीवरच्या घरांच्या बाजूला फिरावं. ॲपचा आकडा पुरावा म्हणून चालणार नाही, पण कुठला बॉक्स कुणाच्या खिडकीकडे तोंड करून उभा आहे ते तो लगेच दाखवतो, आणि बॉक्स वळवायला पैसे पडत नाहीत.