नऊ रुपये छत्तीस पैसे

गाडीची पॉलिसी आली की आपण दोनच आकडे बघतो. गाडीची किंमत (आयडीव्ही) किती धरली आणि एकूण भरायचे किती. बाकीची पानं कोण वाचतं! परवा रिन्यूअलच्या वेळी, हाताशी वेळ होता म्हणून, मी ती वाचली. कंपनीची जबाबदारी कुठपर्यंत, हे सांगणाऱ्या रकान्यात दोन ओळी होत्या. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान : साडेसात लाख रुपये. दुसऱ्या माणसाचा मृत्यू किंवा इजा : इथे आकडाच नाही. मोटार वाहन कायद्यानुसार जेवढी लागेल तेवढी रक्कम, एवढंच लिहिलेलं. पाच लाख लागोत की पाच कोटी.

आणि या बिनआकडी वस्तूची किंमत? १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला १ जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी दराने थर्ड पार्टीचे वर्षाला ३,४१६ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे दिवसाला नऊ रुपये छत्तीस पैसे. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीत एवढ्यात कटिंगसुद्धा येत नाही.

लीड्सला असलेल्या भाच्याला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, तुझं वर्षाचं बिल म्हणजे माझ्या एका महिन्याचा हप्तासुद्धा नाही." खोटं नव्हतं ते. ब्रिटनमधल्या विमा कंपन्यांच्या संघटनेने २०२३ची सरासरी दिली आहे ५४३ पौंड. तेव्हाच्या दराने पंचावन्न हजारांच्या घरात. त्यात स्वतःच्या गाडीची मोडतोडही धरलेली असते, म्हणून ही तुलना काट्यावर तोललेली नाही. पण पौंडाचे रुपये करून हळहळण्यात तसाही अर्थ नसतो. त्यापेक्षा मी दुसरं माप घेतलं : एक अपघात किती गाड्यांचा वर्षभराचा प्रीमियम गिळतो?

भाचा ज्या एम-६२ वरून कामाला जातो, त्याच रस्त्यावरची गोष्ट. २८ फेब्रुवारी २००१ची पहाट. रात्रभर न झोपलेल्या एका माणसाचा लँड रोव्हर चालवताना डोळा लागला. मागे ट्रेलर, त्यावर आणखी एक गाडी. सगळं लटांबर रस्ता सोडून उतारावरून घसरलं आणि खालच्या रेल्वेरुळांवर जाऊन थांबलं. माणूस धडधाकट बाहेर आला आणि मदतीसाठी फोन लावत असतानाच लंडनला निघालेली एक्स्प्रेस येऊन आदळली. रुळावरून सुटलेल्या त्या गाडीला समोरून कोळशाची मालगाडी भिडली. १० माणसं गेली, ऐंशीच्या आसपास जखमी झाली. ब्रिटनमध्येही माणसाच्या इजेला विम्याची मर्यादा नाही. दोन आगगाड्या, रूळ आणि माणसं, सगळं मिळून जवळपास २ कोटी २० लाख पौंडांचं बिल एका साध्या मोटार पॉलिसीवर येऊन पडलं. २०२३च्या सरासरीने भागलं तर चाळीस हजार गाड्यांचं वर्ष. एका डुलकीत.

जर्मनीतला किस्सा याच्याही वरचा. २६ ऑगस्ट २००४ला वीलटालच्या पुलावर, परवाना नसलेल्या आणि नशेत असलेल्या एकाने गाडी टँकरला ठोकली. ३२ हजार लिटर इंधन घेऊन टँकर पुलावरून खाली कोसळला, चालक गेला, आणि त्या आगीने पुलाचं पोलाद वाकवलं. खर्च तीन कोटी युरोंच्या आसपास. नुसत्या थर्ड पार्टीचे वर्षाला ३०० युरो धरले तर एक लाख गाड्यांचा प्रीमियम. त्या देशात सक्तीची किमान मर्यादाच माणसांसाठी ७५ लाख युरो आहे, आणि बाजारात सर्रास १० कोटींची पॉलिसी विकली जाते. जर्मन नो क्लेम बोनस तर ऐकण्यासारखा. आपला पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जाऊन थांबतो. त्यांची बिनअपघाती वर्षांची शिडी ३५ पायऱ्यांच्याही वर जाते, आणि आजोबांनी गाडी चालवणं सोडलं की ती वर्षं नातवाच्या नावावर करता येतात. नातवाला स्वतः परवाना मिळून जितकी वर्षं झाली तितकीच मिळतात, हा भाग वेगळा. पण पूर्वजांची पुण्याई कागदावर मोजून देणारा विमा मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

जपानमध्ये सक्तीच्या विम्याला ना नफा ना तोटा असा नियम आहे. दर सगळ्या कंपन्यांचा एकच. एप्रिल २०२३ पासून खासगी मोटारीला दोन वर्षांचे १७,६५० येन, म्हणजे वर्षाला साधारण पाच हजार रुपये. आपल्या जवळपासच की, असं वाटतं. पण मृत्यूसाठी तो विमा देतो जास्तीत जास्त ३ कोटी येन. आणि २०११ मध्ये योकोहामाच्या न्यायालयाने अपघातात गेलेल्या ४१ वर्षांच्या एका नेत्रतज्ज्ञाचं नुकसान ठरवलं ५२ कोटी ८५ लाख येन. सक्तीच्या विम्याच्या सतरापटींहून जास्त. वर्षाच्या दराने साठ हजार गाड्या. म्हणून जपानी माणूस वरून आणखी एक, बिनमर्यादेची पॉलिसी घेतो. त्याच देशात १९९४ मध्ये एका ट्रकमधल्या किमोनो, कपडे आणि फर यांच्या भरपाईपोटी २६ कोटी येन ठरले होते.

आता आपला हिशेब. आपल्याकडे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतं ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७च्या निकालांत घालून दिलेलं गणित. समजा ३० वर्षांचा तरुण, खासगी नोकरी, पगार वीस हजार, मागे बायको आणि दोन मुलं. पुढे पगार वाढला असता म्हणून ४० टक्के मिळवायचे : अठ्ठावीस हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा. उरलेल्याचे वर्षाला होतात २ लाख २४ हजार. वय तीस म्हणून गुणक १७. उत्तर : ३८ लाख ८ हजार रुपये, आणि वर अंत्यविधी वगैरेंची छोटी रक्कम. भागिले ३,४१६. सुमारे १,११५ गाड्या.

योकोहामाला साठ हजार, इथे अकराशे. बिनमर्यादेचा विमा नऊ रुपयांत परवडतो तो असा. मर्यादा कागदावर नसली तरी पगाराच्या स्लिपमध्ये असते. संख्येचं मात्र आपण कमी पडू देत नाही. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. प्रत्येकामागे वरचे ३८ लाख मिळाले असं नुसतं धरलं, तरी चौसष्ट हजार कोटी होतात.

अमेरिकेत हे सगळंच उलटं दिसतं. तिथे फुल इन्शुरन्सला वर्षाला दोन हजार डॉलर ही काही डोळे विस्फारण्याची गोष्ट नाही, आणि फ्लोरिडात तीन हजारांच्या वर जातात. पण सक्ती कशाची, तर फ्लोरिडात स्वतःच्या उपचारांसाठी १० हजार डॉलर आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १० हजार. आपण ज्याला उडवलं त्याच्या हाडांसाठी सरसकट सक्ती नाहीच! कॅलिफोर्नियाने एका माणसाच्या इजेसाठी १५ हजार डॉलरची किमान मर्यादा १९६७ साली ठरवली आणि ती हलली थेट १ जानेवारी २०२५ला, तीस हजारांवर. मधल्या अठ्ठावन्न वर्षांत तिथल्या हॉस्पिटलांची बिलं कुठे गेली ते वेगळं सांगायला नको. न्यू हॅम्पशायरमध्ये तर विम्याची सक्तीच नाही. उलट बहुतेक राज्यांत तुमचा प्रीमियम कर्जफेडीचा इतिहासही बघून ठरतो. गाडी शिस्तीत चालवा, पण हप्ते चुकवलेत तर विमा महाग.

न्यूझीलंडने १ एप्रिल १९७४ पासून हा घोळच मिटवला. चूक कुणाचीही असो, इजेचा खर्च सरकारी महामंडळ करतं, कोर्टात ओढायचं नाही, आणि पैसे येतात गाडीच्या वार्षिक शुल्कातून आणि लिटरमागे ६ सेंटप्रमाणे पेट्रोलमधून. दक्षिण आफ्रिकेतही पैसे पेट्रोलमधूनच, पण २०२२चा दर लिटरला २ रँड १८ सेंट. पन्नास लिटरची टाकी भरली की १०९ रँड, साधारण पाचशे रुपये, विम्यात गेले. पेट्रोल भरणाऱ्याला पॉलिसी विसरायची सोय नाही.

आपल्याकडे ती सोय आहे. सक्ती १९४६ पासूनची, तरी रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त वाहनांचा विमा संपलेला असतो, आणि त्यात बहुतेक दुचाक्या. अशा गाडीने उडवलं तर भरपाई मालकाकडून वसूल करत बसा. उडवणारा सापडलाच नाही, तर सरकारकडून मृत्यूचे २ लाख. एप्रिल २०२२च्या आधी ते २५ हजार होते.

टपरीवाल्याला विचारलं, स्कूटरचा विमा आहे का रे? ७५ ते १५० सीसीला वर्षाचे ७१४ रुपये, दिवसाचे दोनसुद्धा नाहीत. त्याने दुधाचं पातेलं उतरवलं आणि म्हणाला, "कशाला साहेब? मंडईपर्यंत तर जाते गाडी."