मस्टँगमधला 'काटा मारणारा' सेन्सर : इंजिनाला फसवलं की काय होतं?

1989 ते 1993 दरम्यानची पाच लिटर व्ही-8 मस्टँग अमेरिकेतल्या हौशी लोकांची विशेष लाडकी. दिसण्यासाठी तर होतीच, पण खरं कारण बॉनेटखाली होतं. त्याच्या लगेच आधीच्या बहुतेक व्ही-8 मस्टँगमध्ये कॉम्प्युटर इंजिनात किती हवा शिरतेय याचा फक्त अंदाज बांधायचा. इंजिनात मोठा बदल केला की अंदाज चुकायचा आणि गाडी धड आयडलवरही उभी राहायची नाही. 1989 पासून अमेरिकाभरच्या व्ही-8 मस्टँगमध्ये हवा प्रत्यक्ष मोजणारा सेन्सर आला, म्हणजेच मास एअरफ्लो सेन्सर, थोडक्यात एमएएफ.

याचं काम मोठं गमतीशीर आहे. एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत एक बारीक तार विजेवर तापवलेली असते. हवा वाहिली की तार थंड होते. तिचं तापमान टिकवायला जास्त वीज द्यावी लागते आणि त्यावरून सेन्सर कॉम्प्युटरला 0 ते 5 व्होल्टच्या दरम्यान एक आकडा पाठवतो. कॉम्प्युटरकडे तक्ता असतो : इतके व्होल्ट म्हणजे इतकी हवा. मग पेट्रोलचा हिशेब. साध्या चालीत 1 ग्रॅम पेट्रोलला 14.7 ग्रॅम हवा. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल थोडं जास्त.

आता लोकांनी सुपरचार्जर बसवला की हवा इतकी वाढते, की सेन्सर 5 व्होल्टच्या छताला टेकतो. पन्नास किलोच्या काट्यावर ऐंशी किलोचं पोतं ठेवल्यासारखं! म्हणून मोठा सेन्सर लागतो. इंजेक्टरही मोठे लागतात : मूळचे ताशी 19 पौंड पेट्रोल सोडणारे, त्यांच्या जागी 30 चे.

पण त्या काळी कॉम्प्युटरमधला तक्ता बदलणं सगळ्यांना जमण्यासारखं नव्हतं. मग बाजाराने शक्कल काढली : '30 पौंडाच्या इंजेक्टरसाठी कॅलिब्रेट केलेला' सेन्सर. कॅलिब्रेट कसला, सरळ काटा मारणारा! मूळ नळी 55 मिलिमीटरची, नवी समजा 70 ची. आतलं क्षेत्रफळ 1.6 पट झालं. तेवढीच हवा आता सावकाश वाहते, तार कमी थंड होते, व्होल्ट कमी जातात. कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आहे, म्हणून तो इंजेक्टर कमी वेळ उघडतो. पण इंजेक्टरही जवळपास 1.6 पट मोठे! दोन चुका एकमेकींना कापतात आणि पेट्रोल बरोबर पडतं.

इथपर्यंत सगळं झकास. गोम पुढे आहे.

हवेचा तोच आकडा वापरून कॉम्प्युटर आणखी एक गोष्ट ठरवतो : स्पार्क कधी टाकायचा. इंजिनावर ताण कमी असेल तर स्पार्क लवकर, जास्त असेल तर उशिरा. खोट्या आकड्यामुळे सुपरचार्जरने ठासून भरलेलं सिलिंडर कॉम्प्युटरला निम्मंशिम्मं भरलेलं वाटतं. स्पार्क नको तितका लवकर पडतो, नॉकिंग सुरू होतं आणि हेड गॅस्केट उडतं किंवा पिस्टन फुटतो. म्हणून तर सुपरचार्जर लावणारे बरेच जण स्पार्क मागे खेचणारा वेगळा डबा बसवायचे. एका खोट्यावर दुसरा उतारा!

फसगत अशी, की गावात गाडी मस्त चालते. हलक्या चालीत स्पार्कमधली चूक खपून जाते आणि पेट्रोलमध्ये राहिलेली कसर सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर भरून काढतो. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र कॉम्प्युटर त्याचं ऐकत नाही, फक्त तक्ता पाहतो. म्हणजे जिथे नुकसान सर्वांत मोठं, तिथेच राखण नाही.

खरा उपाय म्हणजे सेन्सरला खरं बोलू द्यायचं आणि तक्ता नवा लिहायचा. त्यासाठी पाइपमध्ये 'वाइडबँड' ऑक्सिजन सेन्सर लावून नोंदी घेतात. लक्ष्य 14.7 आणि प्रत्यक्षात 16.2 दिसलं, तर त्या व्होल्टपुढचा हवेचा आकडा सुमारे 10 टक्के वाढवायचा. असं एकेका व्होल्टला करत वर जायचं. आयडलची जागा सगळ्यात चिवट, कारण रुंद नळीत तिथे हवा जेमतेम हलत असते. आणि हे झाल्यावर फिल्टर किंवा त्याच्या पाइपाचं वळण बदललं, तर तारेवरून हवा वेगळ्या तऱ्हेने वाहते. म्हणजे पुन्हा तपासणी आलीच.

आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांतही हवा मोजणारा असाच सेन्सर असतो. तेल लावलेला 'परफॉर्मन्स' एअर फिल्टर बसवताना तेल जास्त झालं तर ते त्याच्यावर जाऊन बसतं. तेव्हा काट्यात फेरफार कोणी न करताही तो चुकीचं माप दाखवू लागतो.