अणदूर ते कुलाबा: एका छेदाचं गणित

अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एकच आणि देवळं दोन. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. पौष पौर्णिमेची यात्रा मैलारपुरात भरते. मूर्ती नेताना-आणताना दोन्हीकडच्या मंडळींत लेखी करार होतो. तुळजापूर तालुक्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. देव नेमका कुठल्या गावचा, हा वाद घालण्यापेक्षा तो कधी, कुठे आणि कोणत्या अटींवर जाणार हे कागदावर आणणं इथल्या लोकांना जास्त महत्त्वाचं वाटतं.

बीजगणितात हाच प्रश्न १९७०च्या दशकात उभा राहिला. दोन बीजगणितं वरून अगदी वेगळी दिसतात, त्यांच्या मागची रचना मात्र एकच आहे. मग एकीकडचं दुसरीकडे न्यायचं ते कोणत्या करारानं? या कराराला टिल्टिंग म्हणतात आणि त्याची कलमं ज्यात असतात ती टॉर्शन जोडी. तिच्या इतिहासात मुंबईचा एक मोठा वाटा आहे. बीजगणित शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तो ठाऊक असावा, म्हणून हा लेख.

सुरुवात टॉर्शन जोडीपासून करू. पुस्तकं बहुधा उलट्या टोकापासून निघतात आणि वाचक पहिल्याच प्रकरणात गळतो. घड्याळाच्या बारा तासांच्या बेरजेत कुठलीही संख्या बारा वेळा मिळवा, शून्य येतं. साध्या पूर्णांकांत तसं होत नाही; तिथे शून्याखेरीज कुठलीही संख्या कितीही वेळा मिळवली तरी शून्य होत नाही. बेरजेच्या कोणत्याही क्रमनिरपेक्ष गटात हे दोन स्वभाव वेगळे काढता येतात. वारंवार मिळवून शून्यावर येणारे घटक मिळून एक उपगट होतो, तो टॉर्शन भाग. तो काढून टाकला की उरलेल्यात टॉर्शन अजिबात शिल्लक राहत नाही. आता दिशा पाहा. पूर्णांकांकडून घड्याळाकडे बेरीज सांभाळणारी वाट आहे. घड्याळाकडून पूर्णांकांकडे तशी वाट शोधली, तर सगळं शून्यावर नेणारी एवढी एकच सापडते.

स्पेन्सर डिक्सन यांनी १९६६ मध्ये या निरीक्षणातला संख्यांचा भाग बाजूला काढला आणि केवळ सांगाडा ठेवला. वस्तूंचे दोन वर्ग घ्या. पहिल्यातून दुसऱ्यात शून्याखेरीज एकही वाट नसावी. आणि प्रत्येक वस्तूच्या आत पहिल्या वर्गातला एक तुकडा असा सापडावा, की तो बाजूला केल्यावर उरतं ते दुसऱ्या वर्गात पडावं. अटी एवढ्याच. पहिला टॉर्शन वर्ग, दुसरा टॉर्शनमुक्त वर्ग, आणि दोन्ही मिळून टॉर्शन जोडी. हा छेद कुठे घ्यायचा ते आपण ठरवायचं, आणि एकाच ठिकाणी असे कितीतरी छेद घेता येतात.

आता बीजगणिताकडे वळू. काही बिंदू काढा आणि त्यांच्यामध्ये बाण काढा. प्रत्येक बिंदूवर एक सदिश अवकाश ठेवा आणि प्रत्येक बाणावर एक मॅट्रिक्स. हे झालं त्या आकृतीचं एक मॉड्यूल. काही मॉड्यूलं छोट्या मॉड्यूलांच्या सरळ बेरजेत फुटतात, काही फुटत नाहीत. न फुटणारी किती, हा खरा प्रश्न. पीटर गॅब्रिएल यांनी १९७२ मध्ये दाखवलं की सलग आकृतीत ती मोजकीच असतात ती फक्त एका ठरावीक यादीत: ए आणि डी ही दोन कुटुंबं, आणि ई-६, ई-७, ई-८ हे तीन एकटे. यादी तीच, जी ली बीजगणितांच्या अभ्यासकांना कितीतरी आधीपासून पाठ होती. ई-८च्या आकृतीत आठ बिंदू असतात आणि न फुटणारी मॉड्यूलं १२०. हा मेळ इतका अनपेक्षित होता की त्याचं कारण शोधणं भाग होतं. बर्नस्टाइन, गेलफांड आणि पोनोमारेव्ह यांनी १९७३ मध्ये ते दिलं. आकृतीतल्या ज्या बिंदूकडे सगळे बाण येतात, तिथले बाण उलटे फिरवायचे. तसं केलं की जवळजवळ सगळी मॉड्यूलं नव्या आकृतीत सुखरूप पोहोचतात, वाटेत फक्त एक हरवतं. शीला ब्रेनर आणि मायकेल बटलर यांनी १९८० मध्ये या युक्तीला सर्वसाधारण रूप दिलं आणि टिल्टिंग हे नाव दिलं. मॉड्यूलांच्या मितींचे आकडे अक्षांवर मांडले, तर या क्रियेत अक्षच कलतात, हे त्यांच्या नजरेत भरलं होतं.

इथे कागद-पेन्सिल घ्यावी, कारण सगळा विषय एका छोट्या उदाहरणात उघडतो. तीन बिंदू आणि दोन बाण: १ कडून २ कडे, २ कडून ३ कडे. न फुटणारी मॉड्यूलं सहा. लागोपाठच्या बिंदूंवर एकेक मितीचा अवकाश ठेवला की ती मिळतात: १, २, ३, १-२, २-३ आणि १-२-३. त्यांपैकी १-२-३, ३ आणि १ या तिघांची बेरीज हे आपलं टिल्टिंग मॉड्यूल, म्हणजे ज्याच्यावरून करार ठरतो ते मॉड्यूल. त्यानं पडणारा छेद असा: टॉर्शन वर्गात चार मॉड्यूलं, म्हणजे १-२-३, १-२, १ आणि ३. दुसऱ्या वर्गात एकटं २. राहिलं २-३. ते कुठल्याच वर्गात बसत नाही, कारण त्याच्या आत ३ आहे आणि ३ काढल्यावर २ उरतं. छेद त्याच्या मधूनच गेला.

या टिल्टिंग मॉड्यूलकडून त्याच्याकडेच जाणाऱ्या वाटा मिळून नवं बीजगणित तयार होतं. त्याच्या आकृतीत पुन्हा तीन बिंदू आणि दोन बाण आहेत, पण एक अट जास्तीची: एकापाठोपाठ दोन्ही बाण चालले की शून्य. तिथे न फुटणारी मॉड्यूलं पाच. ब्रेनर-बटलर यांचा सिद्धांत सांगतो की पलीकडेही एक टॉर्शन जोडी तयार होते, पण पारडी उलटतात. इकडचे चार टॉर्शनवाले तिकडे टॉर्शनमुक्त वर्गात जातात आणि इकडचं एकटं टॉर्शनमुक्त तिकडे टॉर्शन होतं. चार आणि एक, पाच. कुठेही काही जुळवून घ्यावं लागत नाही. या विषयातला हा सगळ्यात सुंदर क्षण आहे असं मला मनापासून वाटतं.

मग २-३ कुठे गेलं? डिटर हॅपेल यांनी १९८०च्या दशकात याचं उत्तर दिलं. मॉड्यूलांच्या जागी मॉड्यूलांच्या साखळ्या घ्या, म्हणजेच डिराइव्हड कॅटेगरीत जा. तिथे दोन्ही बीजगणितांची रचना एकच निघते. २-३ तिथे आहेच, फक्त नव्या बाजूनं पाहिलं तर त्याचे दोन तुकडे साखळीच्या शेजारशेजारच्या दोन पायऱ्यांवर बसतात, म्हणून एका पायरीवर शोधणाऱ्याला ते सापडत नाही. हॅपेल, इडून रायटन आणि स्मालो यांनी १९९६ मध्ये आणखी पुढचं दाखवलं: टिल्टिंग मॉड्यूल हाताशी नसलं तरी चालतं, नुसती टॉर्शन जोडी पुरते. डिराइव्हड कॅटेगरीत एकाच पायरीवर बसणाऱ्या मॉड्यूलांसारख्या भागाला गाभा म्हणतात; अशा एका गाभ्यात छेद घ्या, एक भाग पायरीभर सरकवा, त्याच मूळ रचनेत दुसरा गाभा तयार.

छेद घेण्याचा एक हमखास मार्ग मात्र मुंबईतून आला. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री हे दोघे १९५३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. दोघेही दक्षिणेतले, पण त्यांची उमेदीची वर्षं आणि मोठं काम मुंबईतलं. एखाद्या वक्राच्या प्रत्येक बिंदूवर सदिश अवकाश बसवला की व्हेक्टर बंडल होतं. त्यांतली ‘स्थिर’ बंडलं कोणती हे ओळखणारा नरसिंहन-शेषाद्री सिद्धांत १९६५चा. दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, जर्मन गणिती गुंटर हार्डर यांच्यासोबत नरसिंहन यांनी अस्थिर बंडलांचाही हिशेब लावला. बंडलाचा अंश (डिग्री) भागिले त्याच्या प्रत्येक बिंदूवरच्या अवकाशाची मिती म्हणजे त्याचा उतार. ज्याच्या आतल्या कुठल्याही उपबंडलाचा उतार त्याच्या स्वतःच्या उताराहून जास्त नसतो, ते अर्धस्थिर. त्यांनी सिद्ध केलं की कुठलंही बंडल अर्धस्थिर तुकड्यांच्या एका क्रमात उलगडतं, आतून बाहेर जाताना उतार काटेकोरपणे कमी होत जातो आणि हा क्रम एकमेव असतो.

आता कुठलाही एक आकडा निवडा. ज्यांच्या सगळ्या तुकड्यांचा उतार त्याहून जास्त आहे ती बंडलं एका वर्गात, ज्यांचा कमी किंवा तितकाच आहे ती दुसऱ्या वर्गात. जास्त उताराकडून कमी उताराकडे शून्याखेरीज वाट नसते. शून्यमिती शीव्हज, म्हणजे मोजक्याच बिंदूंवर बसलेल्या, बंडल नसलेल्या वस्तू, पहिल्या वर्गात घातल्या की टॉर्शन जोडी पूर्ण होते. आकडा बदलत जा, जोड्यांची रांगच मिळते. हार्डर आणि नरसिंहन यांच्या १९७५च्या निबंधाचा हेतू वेगळा होता. बंडलांच्या मोड्युली अवकाशांचं, म्हणजे ज्यांचा प्रत्येक बिंदू एक बंडल असतो अशा अवकाशांचं, कोहोमॉलॉजी मोजायचं होतं. पण साधन इतकं नैसर्गिक होतं की ते पसरत गेलं. बंडलांकडून बीजगणिताकडे येणारा पूल आलेक्सांद्र बैलिन्सन यांनी १९७८ मध्ये बांधला: त्यांनी प्रक्षेपी अवकाशांवरच्या शीव्हजची डिराइव्हड कॅटेगरी बीजगणिताच्या भाषेत उतरवली. प्रक्षेपी रेषेपुरतं बोलायचं तर दोन बिंदू आणि त्यांच्यामध्ये एकाच दिशेचे दोन बाण, एवढ्या आकृतीची मॉड्यूलं आणि रेषेवरची बंडलं एकाच रचनेत नांदतात. अ‍ॅलस्टर किंग यांनी १९९४ मध्ये स्थिरतेची कल्पना बाणांच्या आकृत्यांवर आणली, मार्कुस राइनेके यांनी २००३ मध्ये हार्डर-नरसिंहन क्रम वापरून त्यांच्या मोड्युली अवकाशांची मोजणी केली, आणि टॉम ब्रिजलँड यांच्या २००७च्या स्थिरतेच्या व्याख्येत तर हार्डर-नरसिंहन यांचा क्रम ही एक अटच आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यावरच्या टाटा संस्थेत झालेलं हे काम बीजगणिताच्या एम.एस्सी.च्या वर्गात क्वचितच सांगितलं जातं. सांगायला हवं. गट, मॉड्यूल आणि मॅट्रिक्स आलेल्या विद्यार्थ्याला त्याचा गाभा समजतो.

टॉर्शन जोड्या किती, हेही मोजता येतं. आदाची, इयामा आणि रायटन यांच्या २०१४च्या टाऊ-टिल्टिंग सिद्धांतानं या मोजणीला भक्कम पाया दिला. एका ओळीतल्या बिंदूंसाठी, बाण एकाच दिशेचे असताना, उत्तरं अशी येतात: एका बिंदूला २, दोन बिंदूंना ५, तीन बिंदूंना १४, चार बिंदूंना ४२. या कॅटलन संख्या. आपल्या तीन बिंदूंच्या उदाहरणात प्रत्येक जोडीला नेमके तीन शेजारी असतात, म्हणजे एका छेदावरून पुढच्या छेदावर जाण्याच्या तीन वाटा. सगळ्या जोड्या आणि वाटा मांडल्या की १४ कोपरे, २१ कडा आणि ९ पृष्ठं असलेली एक घनाकृती उभी राहते. सहा पृष्ठं पंचकोनी, तीन चौकोनी. एका षटकोनाचे न छेदणाऱ्या कर्णांनी त्रिकोण पाडायचे प्रकारही १४ आणि त्याचे कर्ण ९. एक कर्ण पुसून त्याच्या जागी दुसरा काढला, की त्या घनाकृतीच्या एका कडेवरून आपण पुढच्या कोपऱ्यावर पोहोचतो.