एका तळ्यात कोणते मासे नांदतील?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा. म्हणून पुष्कळांनी शेततळी खोदली आहेत. त्या पाण्यात मासेही वाढतात. पण सगळेच मासे एकत्र नांदत नाहीत.

कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे मात्र गुण्यागोविंदाने राहतात. का बरे? कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ तळाचा कुजका पालापाचोळा खातो. ताटे वेगळी, मग भांडण कशाला?

100 पिल्ले सोडायची, तर 40 कटला, 30 रोहू आणि 30 मृगळ घ्यावीत. पिल्लू बोटाएवढे असावे. त्यालाच बोटुकली म्हणतात.

मरळ या तळ्यात नको. तो दुसरे मासे खातो. बोटुकली फस्त झाली, की घातलेले पैसे बुडाले! चिलापीही नको. तिची वीण भराभर वाढते. मग चारा कुणालाच पुरत नाही आणि मासे खुरटतात. म्हणून ओढ्यातली मिसळ पिल्ले धरून सोडू नका.

आणखी एक. हे मासे बाजारात नेण्याजोगे व्हायला 10 ते 12 महिने लागतात. तेव्हा आधी आपले पाणी किती दिवस टिकते ते पाहा. मगच पिल्ले आणा.