गणिताची पहिली पायरी : ग्रामीण शाळांतील संशोधनाचा बोध

शेतमालाचे वजन, पतसंस्थेचे व्याज आणि ग्रामपंचायतीचा जमाखर्च प्रत्येक नागरिकाला समजावा, ही लोकशाहीची प्राथमिक गरज होय. या जाणतेपणाचा पाया प्राथमिक शाळेतील अंकगणितात घातला जातो. तो कितपत भक्कम आहे, याचा शोध गेली दोन दशके देशात पद्धतशीरपणे घेतला जात आहे.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून ‘असर’ हे सर्वेक्षण ग्रामीण भागात होत आले आहे. स्वयंसेवक घरोघरी जाऊन एकेका मुलाला अंक ओळखण्यास, दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी करण्यास आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्यास सांगतात. 2024 च्या पाहणीत तिसरीच्या 33.7 टक्के मुलांना वजाबाकी, तर पाचवीच्या 30.7 टक्के मुलांना भागाकार करता आला. 2022 मध्ये हे प्रमाण अनुक्रमे 25.9 व 25.6 टक्के होते. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तथापि पाचवीच्या दहांपैकी सुमारे सात मुले अद्याप भागाकारापाशी अडतात, हेही विसरता येत नाही.

मूल नेमके कोठे अडते? 52 मधून 27 वजा करताना अनेक मुले 35 हे उत्तर लिहितात. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून ती 7 मधूनच 2 काढतात. ही आळसाची नव्हे, तर दशक-एककाची कल्पना कच्ची राहिल्याची खूण आहे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. त्यामुळे हा गोंधळ वाढू शकतो. 2019 मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धतीही देण्यात आली, ती याच कारणास्तव. दहा-दहा काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या हाताळल्या, की एक जुडी सोडून वजाबाकी कशी करावी, हे मुलाला स्वतःच उमगते.

उपायाच्या दिशेनेही संशोधन झाले आहे. उत्तर प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांत 2013-14 मध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांचे इयत्तेऐवजी प्रत्यक्ष येणाऱ्या पायरीनुसार गट पाडून शिबिरे घेण्यात आली. भाषा व गणित या दोन्ही विषयांत मुलांची लक्षणीय प्रगती झाली. या प्रयोगाच्या अभ्यासकांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो हे 2019 च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी होत.

2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने वेगळीच बाजू पुढे आणली. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी अचूक करीत. पाटीवरची सोपी गणिते मात्र त्यांना अवघड जात. व्यवहार आणि पुस्तक यांमधील पूल आपोआप बांधला जात नाही, तो शिक्षकालाच बांधावा लागतो.

2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्टही पायाभूत संख्याज्ञान हेच आहे. ते साधण्यासाठी शिक्षकाने प्रत्येक मुलाची पायरी ओळखावी, अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी अभ्यासक्रम किती झाला याबरोबरच मुलांना काय येते हे पाहावे आणि शाळा व्यवस्थापन समितीने व पंचायत सदस्यांनी त्याचा आढावा घ्यावा. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. काड्यांच्या चार जुड्या आणि रोजचा नियमित वेळ एवढ्यावर आरंभ करता येतो.