जामसरची बातमी कधी होते?

अंगणवाडीतल्या दंडघेराच्या पट्टीवर तीन रंग असतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळायची. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याखाली लाल. पिवळ्यातले मूल ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित, लालमधले ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. जव्हार आणि मोखाडा या आदिवासी तालुक्यांच्या पाड्यांवर हे दोन शब्द आता परके राहिलेले नाहीत. जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आसपासही अशाच पट्ट्या लागतात, आकडे रजिस्टरात चढतात, तिथून तालुक्याला, जिल्ह्याला आणि शेवटी मंत्रालयात जातात. वर्तमानपत्रापर्यंत मात्र हा आकडा क्वचितच पोचतो आणि पोचतो तेव्हा बहुधा एखादे मूल दगावलेले असते.

असे का होते, याचे उत्तर कोणा संपादकाच्या निर्दयपणात शोधून उपयोग नाही. बातमी निवडायची जी रीत जगभर रुळली आहे, तिच्यातच ते दडलेले आहे.

घटना आणि अवस्था

योहान गाल्टुंग आणि मारी रुगे या नॉर्वेच्या दोन अभ्यासकांनी 1965 साली एक निबंध प्रसिद्ध केला. काँगो, क्युबा आणि सायप्रस इथल्या पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेच्या चार वृत्तपत्रांनी कशा दिल्या, हे तपासून त्यांनी बातमीमूल्याचे बारा निकष मांडले. घटना वृत्तपत्राच्या वेळापत्रकात बसावी, पुरेशी मोठी असावी, तिचा अर्थ सरळ लागावा, ती अनपेक्षित असावी, तिच्यात बडी माणसे असावीत, ती वाईट असावी, वगैरे.

हे निकष कुपोषणाला लावून पाहा. ‘वाईट’ या एकाच कसोटीत ते पैकीच्या पैकी गुण मिळवते. बाकीच्यांत नापास. दैनिकाचे चक्र चोवीस तासांचे, तर मुलाचे वजन घटते महिनोन्‌महिने. पावसाळ्यात पाड्यावर मूल आजारी पडणे कोणालाच अनपेक्षित नसते. शिवाय अर्थही सरळ लागत नाही. मृत्यूच्या कागदावर न्यूमोनिया, अतिसार किंवा जन्मतः कमी वजन अशी कारणे येतात. ‘मृत्यू कुपोषणाने नव्हे, आजाराने’ हा खुलासा म्हणूनच वर्षानुवर्षे तयार असतो. अशक्त मुलाला साधा आजारही झेपत नाही, ही मधली कडी एका कॉलमात मावत नाही.

थॉमस आयझेन्से आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग यांनी 1968 ते 2002 या काळातल्या सुमारे पाच हजार आपत्ती आणि अमेरिकन टीव्हीच्या बातम्या ताडून पाहिल्या. ज्वालामुखीत एक माणूस मेला तर बातमी होण्याची जितकी शक्यता, तितकीच शक्यता अन्नटंचाईच्या वाट्याला यायला जवळपास चाळीस हजार माणसे मरावी लागतात, असा त्यांचा 2007 सालचा निष्कर्ष होता. अमर्त्य सेन यांनी हेच दुसऱ्या बाजूने सांगितले आहे. मुक्त वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडू दिला जात नाही, कारण त्याचा बोभाटा होतो. रोजची अर्धपोटी भूक मात्र त्याच देशात बिनबोभाट नांदू शकते.

तीनदा उघडलेले दार

जव्हार-मोखाड्यात दहापैकी नऊ माणसे आदिवासी. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. डोंगरउतारावर नागली-वरईचे पीक, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर. हा भाग राज्याच्या पहिल्या पानावर ठळकपणे आला तो 1992 साली, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी. मृतांचा आकडा सव्वाशेच्या घरात सांगितला जातो. ‘पुरेशी मोठी घटना’ हा निकष तेवढ्या जिवांनिशी पुरा झाला.

दुसरे वर्ष 2016. मोखाड्यातल्या खोच इथे ऑगस्टअखेर एक दोन वर्षांचा मुलगा गेला. तसे मृत्यू त्या पावसाळ्यात आणखीही झाले होते. पण सप्टेंबरात आदिवासी विकासमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री विष्णू सवरा तिथे गेले आणि मृत्यूंविषयीच्या त्यांच्या कथित उद्गारांवरून गदारोळ उठला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची नोटीस आली, वाहिन्यांच्या गाड्या घाट चढून आल्या. बातमीला बडा माणूस लाभला होता.

तिसरे 2022. मोखाड्यातल्या बोटोशीच्या मर्कटवाडीत एका बाईची जुळी बाळे जन्मताच दगावली आणि तिला डोली करून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले. डोली या भागाला नवी नाही. नवे होते ते चित्रीकरण आणि तारीख. देश स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात होता, त्यामुळे मथळा आपोआप जुळला.

तिन्ही वेळा बातमी खरी होती आणि तिन्ही वेळा यंत्रणा हलली, हे मान्य केले पाहिजे. पण दार उघडायला एकदा संख्या लागली, एकदा मंत्री, एकदा मुहूर्त. ज्या मुलांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही, ती रजिस्टरातच राहिली.

वार्ताहराचे गणित

तालुक्याच्या वार्ताहराला हे ठाऊक नसते असे नाही. पाडा, वाट, आशाताई, बंद पडलेली रुग्णवाहिका, सारे त्याला तोंडपाठ असते. पण त्याचे मानधन तुटपुंजे, बरीचशी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर आणि जाहिराती बहुधा पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या. त्याने पाठवलेली बातमी लागली तरी जिल्ह्याच्या पानात लागते. ते पान जिल्ह्यातच वाचले जाते, निर्णय घेणारा मुंबईत बसतो. डेस्कवरचा प्रश्न ठरलेला असतो, ‘यात नवीन काय?’ गेल्या महिन्यात अमुक मुले सॅम होती, या महिन्यातही तितकीच आहेत. नवीन काहीच नाही, आणि तीच तर बातमी आहे.

तलावांचा चौकोन

‘जे घडत नाही ते छापणार कसे?’ हा यावरचा नेहमीचा बचाव. तो टिकत नाही. पावसाळ्यात मुंबईची वृत्तपत्रे सात तलावांची पातळी रोज छापतात. पाणी चार सेंटिमीटर वाढणे ही काही घटना नव्हे. तरी तो चौकोन आवर्जून असतो, कारण वाचकाचा नळ त्यावर चालतो. त्या सातांपैकी मध्य वैतरणाचे धरण मोखाडा तालुक्यात, कोचाळे इथे आहे. ते मुंबईला दिवसाला 455 दशलक्ष लिटर पाणी देते. उन्हाळ्यात मोखाड्याचेच कित्येक पाडे टँकरची वाट पाहत असतात.

म्हणजे मोखाड्यातला आकडा मुंबईत रोज छापता येतो. प्रश्न कोणाच्या कामाचा आकडा, एवढाच आहे. सॅम-मॅमचे तालुकावार आकडे दर महिन्याला ठरलेल्या जागी, मागच्या महिन्याशी ताडून छापायला मोठा खर्च नाही. आकडे दडपले जातील, लाल मूल पिवळ्यात दाखवले जाईल, ही भीती रास्त आहे. पण दर महिन्याला छापला जाणारा आकडा अचानक निम्म्यावर आला, तर तो कसा आला हे विचारायला वार्ताहराला हक्काचे निमित्त मिळेल. त्या प्रश्नाला मंत्र्याचा दौरा लागणार नाही आणि मूल अजून जिवंत असताना तो विचारता येईल.